ईश्वरप्रेरित शास्त्राची लक्षणे : मतपरीक्षा-वादाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

‘बायबल हा ईश्वरप्रेरित ग्रंथ आहे’ या विधानात वस्तुतः दोन विधाने अंतर्भूत आहेत. ग्रंथाचा उगम ईश्वरी आहे, हे पहिले. आणि तो उगम प्रमाणांनी सिद्ध करता येतो, हे दुसरे. पहिले विधान श्रद्धेचे, तर दुसरे ज्ञानमीमांसेचे आहे. प्रस्तुत लेखात केवळ दुसऱ्या विधानाचा विचार केला आहे. स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून हाच प्रश्न भारतीय पंडितांपुढे मांडला. त्याला उत्तर देणाऱ्यांत महाराष्ट्रीय कुलातील, काशीस वास्तव्य असलेले नीलकंठशास्त्री गोरे होते. पुढे 1848 मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. एकाच विचारवंताने वादाच्या दोन्ही बाजू जगून पाहिल्याने हा प्रसंग अभ्यासकांस विशेष उद्बोधक ठरतो.

म्यूर यांची लक्षणे

सत्य शास्त्राची म्यूर यांनी सांगितलेली प्रमुख लक्षणे तीन : धर्मसंस्थापकाचे चमत्कारसामर्थ्य, शास्त्राचे पावित्र्य आणि सर्व मानवांसाठी त्याचे खुलेपण. यांपैकी तिसरे लक्षण जातिबद्ध अधिकारभेदाच्या समाजात नैतिकदृष्ट्या सर्वांत प्रभावी होते. तथापि सर्वांसाठी असणे हे ग्रंथाच्या योग्यतेचे गमक आहे, उगमाचे नव्हे. उदात्त मानवी ग्रंथही सर्वांसाठी असू शकतो. चमत्काराच्या लक्षणाची अडचण निराळी आहे. येशूच्या चमत्कारांचे वृत्त प्रामुख्याने शुभवर्तमानांतूनच मिळते. म्हणजे ज्या ग्रंथाचे प्रामाण्य सिद्ध करावयाचे, त्याचीच साक्ष आधी ग्राह्य धरावी लागते. हा अन्योन्याश्रय दोष होय.

स्वतःची साक्ष आणि भाकिते

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (3:16) शास्त्रलेख ‘ईश्वराच्या श्वासाने युक्त’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द येतो. नव्या करारात तो केवळ याच ठिकाणी आढळतो आणि तेथे मुख्यतः यहुदी शास्त्र अभिप्रेत आहे. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची आज मान्य असलेली यादी अथनेशियसच्या 367 मधील पत्रात दिसते. शिवाय लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी, सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन लिहीत असल्याचे सांगतो. शब्दशः ईश्वरी कथनाच्या कल्पनेशी हे जुळत नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये मानवी लेखकांना खरे लेखक मानले, ते या संदर्भात लक्षणीय आहे.

पूर्ण झालेल्या भाकितांचा युक्तिवाद अधिक भक्कम मानला जातो. त्याची रचना न्यायदर्शनाच्या अभ्यासकास परिचित आहे. मंत्र व आयुर्वेद यांचे फळ अनुभवास येते, म्हणून त्याच आप्तांनी सांगितलेला अन्य वेदभागही प्रमाण, असे नैयायिक म्हणतात. येथेही पडताळलेल्या अंशावरून न पडताळलेल्या समग्राकडे जाणे आहे. मात्र त्यासाठी भाकीत घटनेपूर्वीचे असणे आणि त्याचा अर्थ निश्चित असणे आवश्यक आहे. कोरेश राजाचा नामनिर्देश करणारा यशयाचा भाग अनेक समीक्षक इ.स.पू. सहाव्या शतकातील, म्हणजे खुद्द कोरेशाच्या काळातील मानतात. यशया 7:14 मधील हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुणी’. ग्रीक भाषांतरात तेथे ‘कुमारी’ आले आणि मत्तयाने तोच अर्थ घेतला.

1947 मध्ये कुमरान येथे मिळालेली यशयाची गुंडाळी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहे. 1008 मधील संपूर्ण हिब्रू हस्तलिखिताशी तिचे साम्य विस्मयकारक आहे. यावरून लेखनिकांची निष्ठा सिद्ध होते. परंतु पाठाचे जतन आणि पाठाची ईश्वरी प्रेरणा या भिन्न बाबी आहेत. वेदपाठाच्या जतनालाही हाच न्याय लावावा लागेल.

गोरे यांचा प्रवास

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथात गोरे यांनी म्यूर यांना उत्तर देताना श्रद्धेला अग्रस्थान दिले. शास्त्राचे मर्म श्रद्धावानालाच कळते. केवळ तर्काने त्याचा निर्णय होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. धर्मांतरानंतर ‘षड्दर्शनदर्पण’मध्ये त्यांनी सहाही दर्शनांची कठोर तार्किक झडती घेतली. पूर्वी स्वतःच्या शास्त्राला दिलेले श्रद्धेचे संरक्षण आता त्यांनी परक्या ठरलेल्या शास्त्राला नाकारले. यात वैयक्तिक अप्रामाणिकपणा पाहणे अन्यायाचे होईल. प्रत्येक श्रद्धावानाच्या हातून आपल्या ग्रंथाला सैल व दुसऱ्याच्या ग्रंथाला कसून माप लावले जाते, याचे ते प्रांजळ उदाहरण आहे.

निष्कर्ष

शास्त्राची अंतिम खात्री पवित्र आत्म्याच्या आंतरिक साक्षीने पटते, बाह्य प्रमाणे केवळ साहाय्यक होत, असे जॉन कॅल्व्हिनने म्हटले होते. उपरोक्त विवेचनावरून ही भूमिका अधिक सुसंगत वाटते. बाह्य कारणे असलेल्या श्रद्धेला आधार देतात. नसलेली श्रद्धा तर्काच्या बळावर निर्माण करीत नाहीत. हे मान्य केल्याने बायबलचे साहित्यिक वा नैतिक मोल कमी होत नाही. मात्र वर्गात धर्मग्रंथ शिकविणाऱ्या अध्यापकावर एक बंधन येते : जी कसोटी बायबलला, तीच वेदांना, तीच कुराणाला. ती आपल्या ग्रंथापाशी येताच सैल होत असेल, तर आपण परीक्षा करीत नसून पक्ष घेत आहोत, हे प्रथम स्वतःशी कबूल केले पाहिजे.