व्यतिरेकी यंत्र-अध्ययन आणि मानवी कृतींची ओळख : एक चिकित्सा

प्रस्तावना

भ्रमणध्वनीतील संवेदकांच्या नोंदींवरून व्यक्ती चालत आहे, बसली आहे की आडवी झाली आहे हे ओळखणे, हे संगणकशास्त्रातील महत्त्वाचे संशोधनक्षेत्र होय. अशा नोंदी विपुल मिळतात. परंतु प्रत्येक नोंदीस कृतीचे नाव देणे वेळखाऊ व खर्चिक असते. या अडचणीवर व्यतिरेकी अध्ययनाचा उपाय पुढे आला. त्यामुळे मानवी निर्णयाची गरज उरत नाही, हा समज मात्र तपासून पाहणे आवश्यक आहे.

पद्धतीचे स्वरूप

२०२० मध्ये टिंग चेन, जेफ्री हिंटन आदींनी प्रतिमांसाठी ‘सिमसीएलआर’ ही पद्धत मांडली. त्याच वर्षी ती संवेदकांच्या नोंदींनाही लावण्यात आली. एकाच नोंदखंडाची दोन बदललेली रूपे परस्परांजवळ आणावयाची व इतर खंडांची रूपे दूर सारावयाची, हे तिचे सूत्र. त्यासाठी खंडात गोंगाट मिसळणे, अक्ष फिरविणे, कालक्रम उलटविणे असे बदल योजले जातात. नावे दिलेल्या नोंदी अखेरच्या टप्प्यात व अल्प प्रमाणात लागतात, हे या पद्धतीचे खरे यश.

चिकित्सा

तथापि, कोणता बदल केल्यावरही कृती ‘तीच’ राहते, हे यंत्र ठरवीत नाही, संशोधक ठरवितो. ‘यूसीआय-एचएआर’ हा सुपरिचित नोंदसंग्रह पाहावा. ३० स्वयंसेवकांच्या कमरेस भ्रमणध्वनी बांधून, सेकंदास ५० नोंदी या गतीने, सहा कृती त्यात टिपल्या आहेत. उभे राहणे आणि आडवे होणे या दोन्ही स्थितींत शरीर जवळजवळ निश्चल असते. त्यांतील भेद मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून कळतो. अक्ष वाटेल तसे फिरवून दोन्ही रूपे एकच मानली, तर यंत्र नेमकी हीच खूण दुर्लक्षिण्यास शिकते. खिशात कसाही ठेवलेला भ्रमणध्वनी वापरावयाचा असल्यास तोच बदल उपकारक ठरतो. कालक्रम उलटविल्यास बसण्याची क्रिया उठण्यासारखी भासते.

दुसरा दोष सूत्रातच आहे. दोन व्यक्तींच्या चालण्याचे खंड वेगळे असल्यामुळे तेही दूर सारले जातात. वस्तुतः कृती एकच असते.

तिसरा प्रश्न नमुन्याचा आहे. उपर्युक्त सहा कृतींत मांडी घालून वा उकिडवे बसणे, भातलावणीसाठी वाकणे यांना स्थान नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना नावांविना नोंदी गोळा करणे सुलभ आहे. परंतु परक्या नमुन्यावर ठरलेले बदल येथे जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे ठरेल.

निष्कर्ष

व्यतिरेकी अध्ययनाने मानवी निर्णय नाहीसा केलेला नाही. तो नाव देण्याकडून बदलाच्या निवडीकडे सरकला आहे. नाव चुकले तर तपासता येते. निवड चुकली तर ती सरासरी अचूकतेआड दडून राहते. म्हणून शोधनिबंधात प्रत्येक बदलाचे समर्थन आणि कृतिनिहाय निष्पत्ती दिली जावी, तसेच प्रशिक्षणातील व्यक्ती चाचणीत नसाव्यात. वृद्धाचे पडणे ओळखण्यासाठी अशी यंत्रणा वापरावयाची असेल, तर ही दक्षता अनिवार्य ठरते.