गाढवाच्या पादातून जन्मलेला माणूस

इटलीतल्या दारिओ फोचं 'मिस्तेरो बुफ्फो' मी शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजीतनं वाचलं. पाळ्या सांभाळून तीन महिने लागले. हे नाटकवाल्यांसाठी लिहीत नाही, आपल्या कार्यकर्त्यांसाठी लिहितोय.

फो १९२६ चा. बाप स्टेशनमास्तर. माज्जोरे तळ्याकाठी मासेमार आणि काचकामगार गोष्टी सांगायचे, त्या ऐकत हा वाढला. १९६९ साली त्यानं हे नाटक उभं केलं. येशू, मरियम, लाजरस. कॅथलिक मुलखात पोराटोरांना पाठ असलेल्या गोष्टी, पण वेदीवरनं पाद्री सांगतो तशा नव्हेत. बाजारात, जत्रेत फिरता गोष्टीवाला सांगेल तशा. नेपथ्य नाही. एकटा माणूस आणि उत्तर इटलीच्या बोलींची मिसळ. कारखान्यांत प्रयोग केले. १९७७ साली सरकारी टीव्हीवर दाखवलं तेव्हा व्हॅटिकन खवळलं. १९९७ साली त्यालाच नोबेल मिळालं. २०१६ साली तो गेला. जुने म्हणून त्यानं सांगितलेले काही मजकूर खरंच किती जुने, यावर अभ्यासकांनी शंका घेतलीय. घेऊ देत. माझा सवाल वेगळा आहे.

लाजरसची गोष्ट बघा. येशू मेलेल्याला उठवतो. फो चमत्कार दाखवतच नाही, गर्दी दाखवतो. दफनभूमीचा रखवालदार आत सोडायचे पैसे घेतो. कुणी खुर्च्या भाड्यानं देतो, कुणी मासळी विकतो. सगळे वर बघतात आणि इकडं एकाचं पाकीट जातं. गोष्ट तीच, फक्त सांगणारा उभा राहिला गर्दीत.

दुसरी गोष्ट कष्टकऱ्याच्या जन्माची. माणूस कामानं थकला, म्हणून देवानं त्याच्या चाकरीला गाढवाच्या पादातून एक प्राणी काढला. तो शेतमजूर. मूळची ही मालकांची थट्टा. फोनं ती मजुरांसमोर सांगितली आणि थट्टेचं आरोपपत्र झालं. आपल्याकडं शूद्राला पायातून जन्मवलं. आम्हाला तर पायही मिळाला नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र कोण होते?' लिहून या जन्मकथेची उलटतपासणी केली. जोतीबांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' नाटकात जोशीबुवाची लबाडी उघडी पाडली होती. जलसेवाल्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात आपला विचार ओतला. म्हणजे ही वाट आपल्याला परकी नाही.

काही दोस्त म्हणतात, १९५६ ला देव सोडले, आता त्यांच्या गोष्टी कशाला? मी म्हणतो, ज्या गोष्टीनं आपल्याला हीन ठरवलं ती त्यांच्या तोंडात का ठेवायची? पूजेसाठी नको, पंचनाम्यासाठी पाहिजे.

पण फोचं सगळं मला पटत नाही. 'विदूषकाचा जन्म' घ्या. एक शेतकरी उजाड डोंगर कसून हिरवा करतो. जमीनदार जमिनीवर हक्क सांगतो, हा हटत नाही, तेव्हा जमीनदार त्याच्या डोळ्यांदेखत बायकोवर बलात्कार करतो. बायको निघून जाते, पोरं मरतात. हा फास घ्यायला निघतो तेव्हा येशू येऊन त्याचं चुंबन घेतो आणि त्याला धारदार जीभ देतो. तिथून तो गावोगाव मालकांची टर उडवत फिरतो.

माझे दोन आक्षेप. एक, जीभ देवाकडनं का यावी? आमची जीभ महाडच्या तळ्यावर सुटली, कुणाच्या चुंबनानं नाही. दोन, आणि हा मोठा : ती बाई कुठं गेली? अत्याचार तिच्यावर झाला, जीभ मिळाली नवऱ्याला. क्रुसाखालच्या मरियमेला फोनं देवदूताला जाब विचारायला लावलाय, फ्रांका रामेनं ती भूमिका केली. मग शेतकऱ्याच्या बायकोलाच मुकं का ठेवलं?

हा सवाल फोला विचारून भागणार नाही. आपल्या कवितांत आया-बहिणींवरचे अत्याचार पानापानावर आहेत, आणि बोलतोय कोण? आपणच, मुलगे आणि भाऊ. त्या बाईचं बोलणं पुढच्या अंकात यावं. बहिणींनी लिहावं. दोन पानं मोकळी ठेवतोय.