ब्लॅक सॅबथची वाटचाल : नाद आणि नाव यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रास्ताविक

१३ फेब्रुवारी १९७० रोजी 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम इंग्लंडमध्ये प्रकाशित झाला, तेव्हा प्रतिष्ठित समीक्षकांनी त्याची संभावना हेटाळणीने केली. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात लेस्टर बँग्ज यांनी लिहिलेले परीक्षण त्या हेटाळणीचा नमुना म्हणून आजही सांगितले जाते. श्रोत्यांचा कौल मात्र निराळा होता. ब्रिटनच्या विक्रीयादीत हा अल्बम आठव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे २००३ साली त्याच 'रोलिंग स्टोन'ने पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमांची यादी केली, तीत या बँडच्या पहिल्या तीनही अल्बमांना स्थान मिळाले. दरम्यानच्या काळात डीना वाइनस्टाइन यांचा समाजशास्त्रीय ग्रंथ (१९९१) आणि रॉबर्ट वॉल्सर यांचा संगीतशास्त्रीय ग्रंथ (१९९३) यांनी हेवी मेटल हा संगीतप्रकार विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत आणला होता.

म्हणजे उपेक्षेचा प्रश्न केव्हाच मिटला आहे. प्रश्न उरतो तो मिळालेल्या मान्यतेच्या स्वरूपाचा. ब्लॅक सॅबथचे श्रेय सर्वसाधारणपणे टोनी आयोमी यांची गिटार आणि ऑझी ऑस्बर्न यांचा आवाज या दोहोंत वाटून दिले जाते. गीतकार व बेसवादक गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड यांचा उल्लेख औपचारिकपणे होतो. बँडची सुमारे पाच दशकांची वाटचाल तपासली असता ही वाटणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नाद चौघांचा होता. नाव पुढे एकाच्या हाती आले. या दोन गोष्टींतील अंतर म्हणजेच या बँडचा इतिहास होय.

नादाची घडण

चौघेही बर्मिंगहॅममधील ॲस्टन व लगतच्या कामगार वस्त्यांत वाढले. ऑस्बर्न यांनी कत्तलखान्यात काम केले होते आणि चोरीच्या गुन्ह्यात काही आठवड्यांचा तुरुंगवासही भोगला होता. बटलर हिशेबनिसाचे काम शिकत होते. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होते. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. आयोमी डावखुरे असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचे काम याच हाताकडे होते. कारखान्यातील वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकविली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांवर प्रामुख्याने भर देऊन जॅझ गिटार वाजविणारा तो कलावंत. आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटविले आणि हलक्या तारा वापरून वादन पुन्हा सुरू केले.

ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, हे वेगळे करणे आवश्यक ठरते. संवेदना नसलेल्या बोटांनी गुंतागुंतीचे स्वरसमूह दाबणे कठीण होते, म्हणून मूळ स्वर आणि त्याचा पंचम अशा दोनच स्वरांच्या जोडीवर आयोमी यांचे वादन अधिकाधिक विसंबू लागले. कर्कश ध्वनिवर्धकातून ही जोडी विलक्षण भरीव ऐकू येते. एवढे मान्य करता येते. परंतु तारा सैल सोडून सूर खाली नेण्याची त्यांची प्रसिद्ध पद्धत पहिल्या अल्बमपासूनची आहे, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. पहिले दोन्ही अल्बम प्रचलित सुरावटीतच वाजविले गेले. 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (१९७१) मधील काही गाण्यांत प्रथमच तीन अर्धस्वरांनी खाली उतरलेली गिटार ऐकू येते. अर्थात त्याआधीच जो जडपणा श्रोत्यांना जाणवला, त्याचे कारण केवळ गिटारच्या तारांत सापडणार नाही.

तसेच कारखान्याच्या घणांचा आवाज संगीतात उतरला, ही उपमाही फार सोपी आहे. त्याच बर्मिंगहॅममधून 'द मूव्ह' आणि 'मूडी ब्लूज' हे बँड आले. त्यांतील दुसऱ्याने तर १९६७ साली सिम्फनीच्या अंगाने जाणारा अल्बम केला. शहर एकच असूनही नाद एक नव्हता. कारण शोधावयाचे तर ते चौघांच्या परस्परसंबंधातच शोधावे लागते.

पहिल्या अल्बमचे शीर्षकगीत या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बँडचे नाव (आधीचे नाव 'अर्थ') मारिओ बावा यांच्या १९६३ मधील भयपटावरून घेतलेले, आणि तेच या गीताचेही नाव. त्याची रिफ, म्हणजे पुनःपुन्हा येणारे गिटारचे स्वरवाक्य, अवघ्या तीन स्वरांची आहे. भारतीय परिभाषेत सांगावयाचे तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. बटलर त्या सुमारास गुस्ताव होल्स्ट यांच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतील मंगळावरील भाग बेसवर वाजवीत असत आणि त्यातून या रिफेचे बीज मिळाले, असे त्यांनी सांगितले आहे. या स्वरांतरास 'संगीतातील सैतान' म्हटले जाते आणि मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती असेही लिहिले जाते. अशा बंदीस आधार नाही. यमन किंवा पूरिया ऐकत आलेल्या मराठी श्रोत्यास तीव्र मध्यम मुळातच भयकारी वाटण्याचे कारण नाही, आणि हा मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने उपयुक्त आहे. भय स्वरात नसून त्याच्या वागणुकीत आहे. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो व विसावतो. येथे तो विसावतच नाही. लय अत्यंत विलंबित, स्वरांमध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत वॉर्ड यांचे ड्रम ठेका न धरता दूरच्या गडगडाटासारखे वाजत राहतात. ठेका धरला असता तर परिणाम निम्म्याने उतरला असता.

वॉर्ड हे जीन क्रुपा आणि बडी रिच यांसारख्या जॅझ ड्रमवादकांना आदर्श मानणारे होते. 'विकेड वर्ल्ड'चा आरंभ अथवा 'फेअरीज वेअर बूट्स'मधील चाल ऐकली की ठेक्यातला हिंदोळा स्पष्ट कळतो. गिटार जमिनीकडे ओढते आणि ड्रम तिला झोका देतात. या दोन विरुद्ध ओढींमुळेच आरंभीचे सॅबथ जड असूनही बोजड होत नाही. पुढे या बँडचे अनुकरण करणाऱ्या शेकडो वादकांनी वजन उचलले, हिंदोळा मात्र बहुतेकांच्या हाती लागला नाही. बटलर यांचा बेस बहुधा गिटारची रिफच खालच्या सप्तकात उचलतो, मात्र तारा ओढून ती किंचित वाकवतो. 'एन.आय.बी.'ची सुरुवात तर एकट्या बेसनेच होते. ऑस्बर्न यांच्या आवाजाचा पल्ला मर्यादित. 'आयर्न मॅन'मध्ये ते गिटारच्या रिफेबरोबरच गातात. आपल्याकडे हार्मोनियम गायकाच्या मागोमाग जाते, येथे गायक वाद्याच्या मागोमाग जातो. हा दुबळेपणा मानला गेला. परंतु गाणारा माणूस आपल्याहून मोठ्या यंत्रणेला बांधला गेला आहे, हा अर्थ त्यातूनच उमटतो.

शब्दरचना मुख्यत्वे बटलर यांची. या बँडला सैतानपूजक ठरविणाऱ्यांनी ती वाचली असती तर वाद पुष्कळसा टळला असता. शीर्षकगीतातील निवेदक काळ्या आकृतीला भितो, तिला भजत नाही. 'आफ्टर फॉरएव्हर'मध्ये तर ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडली आहे. 'पॅरानॉइड' (सप्टेंबर १९७०) या दुसऱ्या अल्बममध्ये 'वॉर पिग्ज' हे युद्ध लादणाऱ्या सत्ताधाऱ्यांवरचे गीत आहे, 'हँड ऑफ डूम'मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हेरॉइनचे व्यसन आहे, 'इलेक्ट्रिक फ्युनरल'मध्ये अणुसंहार. येथे सैतान हा राज्यकर्त्यांसाठी योजलेला शब्द आहे. हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या शीर्षकाचे गाणे तर केवळ जागा भरण्यासाठी ऐनवेळी रचले गेले होते. सत्तरच्या दशकातील या अल्बमांवर मूळ रचनांचे श्रेय चौघांच्या नावे एकत्रित छापलेले आढळते. ही केवळ सौजन्याची बाब नव्हती. वस्तुस्थितीच तशी होती.

'व्हॉल्यूम ४' (१९७२) लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला, कोकेनच्या अमलाखाली. तरीही त्यातील 'चेंजेस' हे पियानोवरील करुण गीत बँडची मर्यादा ओलांडू पाहते. 'सॅबथ ब्लडी सॅबथ' (१९७३) हा रचनादृष्ट्या सर्वांत समृद्ध अल्बम मानावा लागेल. 'सॅबोटाज' (१९७५) माजी व्यवस्थापकाशी चाललेल्या न्यायालयीन लढ्याच्या छायेत झाला आणि तो संताप त्याला मानवला. त्यानंतरचे दोन अल्बम थकलेले आहेत. १९७९ साली ऑस्बर्न यांना बँडमधून काढण्यात आले.

नावाचा प्रवास

रॉनी जेम्स डिओ यांच्या आगमनाने 'हेवन अँड हेल' (१९८०) हा उत्कृष्ट अल्बम निर्माण झाला. त्याची गुणवत्ता वादातीत आहे. वाद आहे तो त्याच्या कुळाविषयी. डिओ रिफेबरोबर गात नाहीत, ते तिच्यावरून स्वतंत्र चाल बांधीत जातात. त्यामुळे गायक यंत्रणेचा बंदी न राहता तिचा स्वामी होतो. शब्दांची जबाबदारीही डिओ यांच्याकडे गेली आणि युद्ध, व्यसन, भीती यांच्या जागी चेटूक, राजे आणि इंद्रधनुष्ये आली. वॉर्ड याच अल्बमच्या दौऱ्यात बाहेर पडले, विनी ॲपिस आले. ठेका सरळ आणि शिस्तीचा झाला. संगीत अधिक प्रशिक्षित झाले आणि मूळचा अस्वस्थपणा ओसरला. पुढे २००६ पासून हाच संच पुन्हा एकत्र आला, तेव्हा त्याने स्वतःला ब्लॅक सॅबथ न म्हणता 'हेवन अँड हेल' म्हणविले. त्यामागे व्यावहारिक कारणे असतीलही, पण वर्गीकरण अचूक होते.

डिओ १९८२ साली गेले. १९८३ मध्ये इयान गिलन आले आणि वॉर्ड ध्वनिमुद्रणापुरते परतले. त्या दौऱ्यासाठी केलेला स्टोनहेंजचा देखावा अनेक रंगमंचांवर मावेना, एवढाच त्या पर्वाचा उल्लेख पुरे. 'सेव्हन्थ स्टार' (१९८६) हा ग्लेन ह्यूज यांच्या आवाजातील अल्बम आयोमी यांनी स्वतःच्या नावाने काढावयाचा ठरविला होता. तो बाहेर पडला 'ब्लॅक सॅबथ, सहभाग टोनी आयोमी' अशा चमत्कारिक ओळीसह. नाव हे आता विक्रीचे साधन झाले होते, याहून स्पष्ट पुरावा नको.

तथापि १९८७ ते १९९५ या काळातील टोनी मार्टिन यांच्या पाच अल्बमांची सरसकट उपेक्षा अन्यायाची आहे. 'हेडलेस क्रॉस' (१९८९) मधील भव्यता आणि 'टिर' (१९९०) मधील नॉर्स पुराणकथांचा विनियोग यांत कारागिरी नि:संशय आहे. दीर्घकाळ बाजारातून नाहीसे झालेले यांतील चार अल्बम २०२४ साली संचरूपाने पुन्हा उपलब्ध झाले, हे योग्यच झाले. आयोमी यांनी प्रतिकूल काळात, अनेकदा एकट्याने, हे काम चालू ठेवले नसते तर परतण्यासाठी काही उरलेच नसते, हेही नाकारता येत नाही. फक्त हे संगीत आयोमी यांचे आहे, चौघांचे नव्हे, एवढा विवेक समीक्षेने राखावयास हवा.

नावाचा हा प्रश्न शेवटी न्यायालयात पोहोचला. २००९ साली ऑस्बर्न यांनी नावाच्या मालकीवरून आयोमी यांच्याविरुद्ध न्यूयॉर्क येथे दावा दाखल केला. २०१० मध्ये तडजोड झाली. एके काळी बहुतेक गाण्यांवर चौघांची नावे छापणाऱ्या बँडचा हा दावा होता, ही विसंगती नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पुनर्मीलन आणि त्यातील उणीव

डिसेंबर १९९७ मध्ये मूळचे चौघे बर्मिंगहॅममध्ये एकत्र आले आणि त्या मैफलींचा 'रीयुनियन' हा अल्बम १९९८ साली निघाला. नव्या अल्बमची घोषणा मात्र ११ नोव्हेंबर २०११ रोजी झाली. जानेवारी २०१२ मध्ये आयोमी यांना लिम्फोमा झाल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात वॉर्ड यांनी सही करण्याजोगा करार मिळाल्याखेरीज आपण सहभागी होणार नाही असे कळविले. तो मिळाला नाही. ऑस्बर्न यांनी पुढे मुलाखतींतून वॉर्ड यांच्या शारीरिक क्षमतेविषयी शंका व्यक्त केली. ड्रमवर ब्रॅड विल्क आले.

'१३' (जून २०१३) हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत हा मान त्यांना प्रथमच मिळाला. निर्माते रिक रुबिन यांनी ध्वनिमुद्रणापूर्वी बँडला पहिला अल्बम पुन्हा ऐकविला होता, आणि त्याचा परिणाम लपत नाही. 'एंड ऑफ द बिगिनिंग'ची रचना १९७० च्या शीर्षकगीतावर जवळजवळ बेतलेली आहे. तीच मंदगती, तीच पोकळी, उत्तरार्धातील तीच द्रुत लय. गिटार तीच, आवाज तोच, बेसही तोच. विल्क कुशल वादक आहेत आणि ते ठेका चोख धरतात. नेमका हाच दोष. ज्या मोकळ्या जागेत वॉर्ड गडगडत असत, ती जागा आता मोजून भरलेली आहे. समीक्षेला प्रयोगशाळा क्वचितच मिळते; येथे चारांपैकी एकच घटक बदलला आणि संगीत स्वतःचीच काळजीपूर्वक केलेली नक्कल झाले.

४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये निरोपाचा दौरा संपला, तोही वॉर्ड यांच्याविना. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने या बँडच्या संगीतावर बॅले सादर केले. १९७० मधील समीक्षकांना ही कल्पना विनोदी वाटली असती.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर अखेरचा कार्यक्रम झाला. पार्किन्सनने जर्जर झालेले ऑस्बर्न आसनावर बसून गायले. ड्रमवर वॉर्ड होते. वीस वर्षांनी चौघे प्रथमच एकत्र वाजवीत होते. त्यांनी चारच गाणी सादर केली : 'वॉर पिग्ज', 'एन.आय.बी.', 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड'. चारही १९७० सालची, चौघांच्या संयुक्त नावावरची. २२ जुलै रोजी ऑस्बर्न यांचे निधन झाले.