चित्रशाळेआधी भिंत

चित्रकार सा. ल. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. अशा स्वतंत्र संस्थांच्या वर्धापनदिनी गुरूंची तपश्चर्या आणि शिष्यांची नामावळ यांचा गौरव होतो. तो रास्तच आहे. पण चित्रशाळा कशावर जगते, हे त्यातून कळत नाही. हळदणकरांच्या मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ पासून होते, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून. तरीही १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापण्यात ते पुढे होते. स्वतःचा वर्ग चालवणाऱ्याला आणखी एक प्रदर्शनसंस्था हवीशी वाटली, यातच उत्तर आहे. चार परक्या डोळ्यांसमोर चित्र टांगले जाईपर्यंत विद्यार्थी फक्त मास्तरांसाठी काढत असतो. कोल्हापुरातही आधी दरबार होता, नाटकांचे पडदे होते, बाबूराव पेंटरांची फिल्म कंपनी होती. आजच्या खासगी कलाशाळा त्या जमिनीवर उगवल्या.

मराठवाड्यातल्या परभणीला मात्र ही जमीन मिळाली नाही. १९४८ पर्यंत जिल्हा निजामाच्या राज्यात होता. अजिंठ्याची चित्रे वाचवायला त्या राज्याने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले, हे त्याचे मोठेच श्रेय; पण जिल्ह्याच्या गावी नवे चित्र पाहण्याची सोय काही त्यातून झाली नाही. आज जिल्ह्यातल्या सेलू-जिंतूरच्या मुलाची चित्रकलेशी गाठ पडते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांमध्ये: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि दहावीला मिळणारे वाढीव गुण. या परीक्षांना नावे ठेवणे सोपे आहे. त्या नसत्या तर कित्येक शाळांत रंगपेटी उघडलीच नसती, हा बचाव मला मान्य आहे. पण गुण पदरात पडले की रंगपेटी मिटते, आणि ज्याची मिटत नाही तो छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठतो. त्याने काढलेले चित्र परभणीला परत येत नाही.

दुष्काळी जिल्ह्यात चित्रे घेणार कोण, असे विचारले जाईल. पण कविता तरी कोण विकत घेतो? १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन परभणीतच भरले, कवी बी. रघुनाथांचे नाव इथे आजही आपुलकीने निघते. म्हणजे रसिकता आहे, शब्दांसाठी तिला जागाही आहे. मोबाइलवर सगळे दिसते, हा दुसरा आक्षेप. त्यावर हळदणकरांचे जलरंग दिसतात खरे, पण पातळ रंगाखालून झळकणारा कागद दिसत नाही, चित्राचा आकार तर नाहीच. म्हणून परभणीत स्वतंत्र चित्रशाळा काढू पाहणाऱ्याने प्रवेशअर्ज छापण्याआधी बऱ्या उजेडाची एक खोली मिळवावी. संभाजीनगरच्या कला महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाची कामे तिथे पंधरा दिवस मागून आणावीत, शेजारी इथल्या ड्रॉइंग मास्तरांची स्वतःची चित्रे लावावीत. त्यांतले बरेच जण काढतात. कुणी मागत नाही एवढेच.