आश्रय, वय आणि संहिता : किशोर लेखकाच्या स्वप्रकाशित कादंबरीच्या निमित्ताने

अल्पवयीन लेखकाच्या पहिल्या पुस्तकाकडे समीक्षा सामान्यतः दोन वृत्तींनी पाहते. एक वृत्ती कौतुकाची असते. तिला पुस्तकापेक्षा लेखकाच्या वयाचे नवल अधिक वाटते. दुसरी वृत्ती उपेक्षेची असते. ती अशा लेखनाला पूर्वाभ्यास मानते आणि पुस्तक लेखकाने किंवा त्याच्या घरच्यांनी पदरमोड करून छापलेले असेल तर ते वाङ्मयव्यवहाराच्या बाहेरचेच समजते. या दोन्ही वृत्तींत एक गोष्ट समान आहे : दोघीही पुस्तक वाचत नाहीत. त्यामुळे किशोर लेखकाला पाठबळ द्यावे की न द्यावे, या प्रश्नाची चर्चा पालकत्वाच्या आणि शिक्षणाच्या क्षेत्रात ढकलली जाते. वास्तविक हा प्रश्न साहित्यव्यवहाराच्या समीक्षेचाही आहे. पाठबळ संहितेच्या बाहेर राहत नाही. ते संहितेत उतरते, तिच्या भोवती उभे राहते आणि तिचे वाचन कसे व्हावे हेही ठरवू लागते.

१

या प्रश्नाच्या मांडणीसाठी आंद्रे लफव्हेर यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथात विशद केलेली आश्रयाची संकल्पना उपयुक्त ठरते. लफव्हेर यांच्या मते आश्रयाचे तीन घटक असतात : विचारप्रणालीचे नियंत्रण, आर्थिक तरतूद आणि प्रतिष्ठेची प्राप्ती. हे तिन्ही घटक एकाच आश्रयदात्याच्या हाती असतील तर तो आश्रय अविभेदित म्हणावा. ते वेगवेगळ्या हातांत असतील तर तो विभेदित. लफव्हेर यांच्यासमोर राजदरबार, धर्मसंस्था, एकपक्षीय राज्यसत्ता अशा मोठ्या संस्था होत्या. तथापि हीच मांडणी कुटुंबासारख्या लहान संस्थेला लावून पाहिली, तर किशोर लेखकाच्या स्वप्रकाशनाचे स्वरूप स्पष्ट होते. छपाईचा खर्च करणारे, हस्तलिखित तपासणारे, काय लिहावे याचे संस्कार करणारे आणि 'आमच्या मुलाने कादंबरी लिहिली' असे जगाला सांगणारे बहुधा तेच दोघे असतात. कुटुंबाचा आश्रय हा अविभेदित आश्रयाचा सर्वांत निकटचा आणि म्हणूनच सर्वांत कमी तपासला गेलेला प्रकार होय.

मराठीत स्वप्रकाशनाला वेगळी परंपरा आहे. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांच्या चळवळीत लेखकांनी स्वतः छापणे हा प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराला दिलेला नकार होता. आश्रय नाकारण्याची ती कृती होती. किशोर लेखकाच्या बाबतीत मात्र स्वप्रकाशन हा शब्दच फसवा ठरतो. त्यातील 'स्व' हा लेखकाचा नसतो, घराचा असतो.

२

अलीकडच्या काळातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्रिस्तोफर पाओलिनी याच्या 'एरागॉन' या कादंबरीचे आहे. १९८३ साली जन्मलेला हा मुलगा अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या पॅरडाइज व्हॅली या भागात वाढला. त्याचे शिक्षण घरीच झाले आणि पत्रद्वारा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याने पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण संपवले. त्याच वयात त्याने कादंबरी हाती घेतली. पहिला खर्डा एका वर्षात झाला. दुसरे वर्ष पुनर्लेखनात गेले. त्यानंतर आईवडिलांनी संपादन केले आणि २००२ साली कुटुंबाच्या स्वतःच्या संस्थेतर्फे पुस्तक छापण्यात आले. मुखपृष्ठावरील चित्र आणि आतला नकाशा लेखकानेच काढला होता. २००२ आणि २००३च्या आरंभीच्या काळात त्याने शाळा, ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने मिळून १३५हून अधिक ठिकाणी कार्यक्रम केले, तेही मध्ययुगीन वेष परिधान करून. कादंबरीकार कार्ल हायासेन यांच्या सावत्र मुलाच्या हाती हे पुस्तक पडले, त्याला ते आवडले आणि हायासेन यांनी ते नॉफ या प्रकाशनसंस्थेच्या नजरेस आणून दिले. ऑगस्ट २००३मध्ये नॉफची आवृत्ती निघाली. तिच्यासाठी मूळ संहितेतील सुमारे २०,००० शब्द कमी करण्यात आले होते.

ही हकीकत प्रायः यशोगाथा म्हणून सांगितली जाते. समीक्षेच्या दृष्टीने तिच्यातील तीन बाबी महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब आर्थिक. पुस्तक विकले जाणे ही त्या कुटुंबाच्या चरितार्थाची गरज बनली होती, हे लेखकाने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे येथे आश्रित आणि आश्रयदाता यांचे नाते उलटते. मुलाला आधार देणारे घर मुलाच्या पुस्तकावर उभे राहते. अशा स्थितीत पुस्तक अपुरे वाटले तर ते मागे घेण्याचे, आणखी दोन वर्षे थांबण्याचे स्वातंत्र्य किशोर लेखकापाशी कितपत उरते? लेखकाच्या स्वातंत्र्यात न छापण्याचे स्वातंत्र्यही येते. पाठबळाच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

दुसरी बाब संपादनाची. आईवडिलांनी हात फिरवलेले लेखन मुलाचे कितपत, ही शंका अशा वेळी हमखास घेतली जाते. तिच्यामागे एकाकी प्रतिभावंताचे रोमँटिक मिथक आहे. जॅक स्टिलिंजर यांनी १९९१ साली हे मिथक तपासून दाखवले : कीट्स, वर्ड्‌स्वर्थ, मिल अशा मान्यवरांच्या संहितांतही मित्रांचे, पत्नीचे, प्रकाशकांचे हात आहेत. प्रौढ लेखकाला जे सहकार्य म्हणून मान्य होते ते किशोराच्या बाबतीत लबाडी ठरवणे न्याय्य नव्हे. कोणी हात फिरवला यापेक्षा तो कोणत्या अधिकाराने फिरवला, हे पाहणे अधिक फलदायी आहे. नॉफच्या संपादकाशी लेखक वाद घालू शकतो, कारण ते नाते कराराचे असते. आईने खोडलेले वाक्य परत घालणे हे वाङ्मयीन मतभेदापेक्षा निराळ्या पातळीवर जाते. २००३च्या आवृत्तीने केलेले महत्त्वाचे कार्य हेच की तिने आश्रय विभेदित केला. पैसा, संपादन आणि प्रतिष्ठा ही सूत्रे प्रथमच घराबाहेर गेली.

तिसरी बाब वयाच्या प्रदर्शनाची. जेरार जनेत यांनी १९८७ साली संहितेभोवतीच्या मजकुराला 'उंबरठे' म्हटले. शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना, मुलाखती ही सर्व वाचकाला संहितेत नेणारी दारे होत. 'एरागॉन'च्या बाबतीत लेखकाचे वय आणि त्याचा वेष हाच पहिला उंबरठा होता. उंबरठा ओलांडून आत जावयाचे असते, पण येथे बराचसा वाचकवर्ग उंबरठ्यावरच थांबला. कौतुक करणारे वयाचे दाखले देत राहिले आणि टीकाकारांनीही 'पंधरा वर्षांच्या मुलाचे लेखन' एवढे म्हणून ते निकालात काढले.

३

संहितेत शिरले तर काय आढळते? शेतावर वाढलेला पोरका मुलगा, त्याला सापडलेले ड्रॅगनचे अंडे, मामाची हत्या, वृद्ध मार्गदर्शक आणि दुष्ट सम्राटाविरुद्धचा लढा. १९७७च्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटाशी असलेले साम्य कोणाच्याही ध्यानी येईल. टोल्कीनचे भूगोल आणि भाषा, अॅन मॅककॅफ्री यांच्या कथांतील ड्रॅगन आणि स्वार यांचे मनोबंध, अर्सुला ल ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मधील खऱ्या नावांची जादू, हे सारे येथे उघड उघड आलेले आहे. अनुकरणाचा आक्षेप म्हणूनच निराधार नाही.

तथापि अनुकरण हा किशोर लेखनाचा दोष मानून थांबणे अपुरे ठरते. १८२० साली एलिझाबेथ बॅरेट चौदा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिच्या 'द बॅटल ऑफ मॅरेथॉन' या महाकाव्याच्या ५० प्रती खाजगीरीत्या छापून घेतल्या. पोपने केलेल्या होमरच्या भाषांतराचा तो प्रतिध्वनी होता, हे तिने स्वतःच पुढे मान्य केले. परंतु मुलीने महाकाव्य लिहावे हीच त्या काळी अनुकरणापलीकडची कृती होती. अनुकरणातून किशोर लेखक आपला वाङ्मयप्रकार निवडतो आणि त्याच्या नियमांवर हुकमत मिळवू पाहतो. समीक्षेने शोधावयाचे ते हे की उसने घेतलेल्या साच्यात कोणत्या जागी लेखकाची स्वतःची गरज बोलते.

'एरागॉन'मध्ये अशी एक जागा निश्चित आहे आणि ती प्रस्तुत प्रश्नाशीच निगडित आहे. गावातील कथेकरी ब्रॉम हा नायकाबरोबर प्रवासाला निघतो. तो त्याला लाकडी काठ्यांनी तलवारबाजी शिकवतो, जादूचे नियम सांगतो आणि नायकाला वाचता येत नाही हे कळल्यावर अक्षरेही शिकवतो. जादूने केलेल्या कामालाही हाताने केलेल्या कामाइतकीच शक्ती खर्च होते, हा या जगातील मूलभूत नियम आहे. ब्रॉम बरेच काही सांगतो आणि बरेच काही राखून ठेवतो. कादंबरीच्या मध्यावर नायकाच्या रोखाने आलेला सुरा अंगावर घेऊन तो मरतो. २००८ साली आलेल्या 'ब्रिसिंगर' या तिसऱ्या भागात उलगडते की ब्रॉम हाच एरागॉनचा पिता होता. म्हणजे पित्याने पिता म्हणून न वावरता गुरू म्हणून साथ दिली होती. त्याने दिलेल्या विद्येला नात्याचे ओझे नव्हते आणि तो दूर झाल्यावरच नायक स्वतःच्या बळावर उभा राहिला. ज्याचे पालकच शिक्षक, संपादक आणि प्रकाशक होते अशा लेखकाच्या कल्पनाविश्वात ही आकृती उमटावी, हे लक्षणीय आहे. चरित्रातून संहितेचा अर्थ लावण्याचा धोका येथे आहेच. पण संहिता आश्रयाविषयी स्वतःचा एक विचार मांडते, एवढे चरित्राचा आधार न घेताही म्हणता येते. उसन्या कथानकातील हा भाग उसना वाटत नाही, तो यामुळेच.

४

वयाची प्रसिद्धी लेखकाला काय देते आणि काय हिरावून घेते, याची उदाहरणे इतिहासात आहेत. डेझी अॅशफर्ड हिने १८९० साली नवव्या वर्षी लिहिलेली 'द यंग व्हिजिटर्स' ही कथा १९१९ साली, तिच्या प्रौढपणी, मूळच्या चुकीच्या वर्णलेखनासह छापली गेली. जे. एम. बॅरी यांनी तिला प्रस्तावना लिहिली. परिणाम असा झाला की खरे लेखक बॅरीच असावेत अशी वदंता उठली. आश्रयदात्याचे नाव मोठे असले की ते लेखकाचे नाव गिळून टाकू शकते. पण लेखिका तोवर प्रौढ होती, त्यामुळे या वादाचा भार तिच्या घडणीवर पडला नाही.

बार्बरा न्यूहॉल फॉलेट हिचे उदाहरण अधिक गंभीर आहे. तिचे पहिले हस्तलिखित १९२३ साली घराला लागलेल्या आगीत जळाले. ते तिने पुन्हा लिहून काढले आणि १९२७ साली, ती बारा वर्षांची असताना, 'द हाउस विदाउट विंडोज' या नावाने नॉफने ते प्रसिद्ध केले. तिचे वडील त्याच संस्थेत संपादक होते. पुढच्याच वर्षी तिचे दुसरे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी वडिलांनी कुटुंब सोडले. १९३९च्या डिसेंबरात, पंचविसाव्या वर्षी, ती घराबाहेर पडली ती पुन्हा कोणाला दिसली नाही. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे उथळपणाचे होईल. एवढे मात्र म्हणता येते की पिता, संपादक आणि साहित्यविश्वाशी असलेला दुवा या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या असतील, तर ती व्यक्ती दूर होताच तिन्ही आधार एकदम नाहीसे होतात. बाहेरून प्रतिष्ठित प्रकाशन दिसणारी ही घटना आतून अविभेदित आश्रयाचीच होती.

मराठीतील दाखला सर्वांना परिचित आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या कवीला 'बालकवी' ही पदवी दिली. ती पदवी नाव होऊन बसली. १९१८ साली निधन होईपर्यंतच्या प्रौढ कवितेलाही तिचीच सावली लाभली आणि बालसुलभतेच्या अपेक्षेने त्या कवितेतील औदासीन्य बराच काळ दुय्यम मानले गेले. याच कवीला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी मिळालेला आसरा निराळ्या जातीचा होता. तेथे घर मिळाले, माया मिळाली आणि कवितेला जाणकार श्रोता मिळाला. पदवी वयाला मिळाली होती, टिळकांच्या घरचा आधार माणसाला आणि कवितेला होता.

५

या विवेचनातून किशोर लेखकाला पाठिंबा देऊ नये असा निष्कर्ष निघत नाही. घरातील पाठबळाशिवाय 'एरागॉन' छापले गेले नसते आणि बॅरेटच्या त्या ५० प्रतीही निघाल्या नसत्या. निष्कर्ष निघतो तो आश्रयाच्या विभागणीचा. खर्च घराने करावा, पण त्या खर्चाची परतफेड पुस्तकाकडून अपेक्षू नये. संपादन शक्यतो अशा व्यक्तीने करावे जिच्याशी मुलाला भांडता येईल. वयाचा उल्लेख मुखपृष्ठावर नसावा. आणि पुस्तक मागे घेण्याचा अधिकार अखेरपर्यंत लेखकाकडे असावा.

प्रतिष्ठेचा घटक मात्र घराला देता येत नाही. तो समीक्षेच्या अखत्यारीत येतो आणि येथेच समीक्षेची जबाबदारी सुरू होते. १९९४ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात ज्युलिएट मॅकमास्टर यांनी बालपणीच्या लेखनाच्या चिकित्सक आवृत्त्या काढण्यासाठी जुवेनिलिया प्रेस स्थापन केली. विद्यार्थ्यांनी अशा संहिता संपादित कराव्यात, त्यांना टिपा आणि प्रस्तावना द्याव्यात, ही त्या उपक्रमाची पद्धत. पुढे थोर ठरलेल्या लेखकांच्या बाललेखनाला जी शिस्तशीर दृष्टी तेथे मिळते, ती अद्याप कोणीही नसलेल्या सोळा वर्षांच्या लेखकाच्या कादंबरीला मिळत नाही. तिला एक तर वृत्तपत्रातील कौतुकाचा रकाना मिळतो किंवा मौन मिळते.

पाओलिनी याने २०२३ साली 'मर्टाग' या कादंबरीत पुन्हा त्याच जगाकडे वळून पूर्वीच्या दुय्यम पात्राला, शपथांनी बांधल्या गेलेल्या एका मुलाला, मध्यभागी आणले. तोवर लेखक चाळिशीला आला होता. त्या कादंबरीचे मूल्यमापन करताना पहिल्या पुस्तकापासूनचा प्रवास तपासावा लागतो आणि त्यासाठी ते पहिले पुस्तक कादंबरी म्हणून वाचलेले असावे लागते. वीस वर्षे त्याच्या वयाचीच चर्चा झाली असेल, तर तुलनेसाठी समीक्षेच्या हाती आधारच उरत नाही.