'स्लो' मुलगा कोण ठरवतं? हॉस्टेलचं वाय-फाय आणि २००३ चा एक पेपर

वायरलेस नेटवर्कवर पीएचडी करणाऱ्या माणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आमच्या हॉस्टेलचं वाय-फाय एवढं रडकं का?" आज उत्तरासाठी एक गाजलेला पेपर घेऊ. तो चांगला का आहे ते बघू आणि कुठे कमी पडतो तेही बघू.

पेपर आहे 'परफॉर्मन्स अनॉमली ऑफ ८०२.११बी'. मार्टिन ह्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये इन्फोकॉम परिषदेत मांडला. मुद्दा एका वाक्यात सांगता येतो: वाय-फाय सगळ्यांना समान संधी देतं, समान वेळ देत नाही.

म्हणजे काय, ते हिशेबानेच बघा. १५०० बाइटचं एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ॲक्सेस पॉइंटजवळचा लॅपटॉप ते ११ एमबीपीएसने सुमारे १.१ मिलिसेकंदात पाठवतो. लांबच्या खोलीतला लॅपटॉप १ एमबीपीएसवर घसरलेला असतो, त्याला १२ मिलिसेकंद लागतात. दोघं आळीपाळीने एकेक पॅकेट पाठवतात, म्हणजे १३.१ मिलिसेकंदात प्रत्येकाचं एक. बाकीचे खर्च सोडून दिले तरी दोघांनाही मिळतात सुमारे ०.९ एमबीपीएस. ज्याला ११ मिळायला हवेत, तोही एकच्या खाली! ॲक्सेस पॉइंटच्या खाली बसूनही व्हिडिओ का अडकतो, याचं एक कारण हे.

पेपरची ताकद त्याच्या साधेपणात आहे. गणित सोपं आहे आणि जोडीला सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष मोजमापही आहे. आज वेग कितीतरी वाढलेत, पण हे तत्त्व शिळं झालेलं नाही.

माझा आक्षेप भाषेवर आहे. लेखक म्हणतात की या वागण्याने वेगवान मशीनला शिक्षा होते आणि संथ मशीनला झुकतं माप मिळतं. एकदा असं म्हटलं की उपायही ठरून जातो: सगळ्यांना समान वेळ द्या. २०१७ च्या 'एंडिंग द अनॉमली' या पेपरने लिनक्समध्ये नेमकं हेच करून दाखवलं. काम सुंदर आहे आणि एकूण क्षमता खरंच वाढते. पण वरचंच उदाहरण घ्या. अर्धा-अर्धा वेळ वाटला तर जवळच्याला ५.५ मिळतात आणि लांबच्याला ०.९ ऐवजी ०.५. लांबचा आधीच मागे होता, आता आणखी मागे गेला.

कॅफेत हे चालून जातं, कारण तिथे खुर्ची सरकवता येते. हॉस्टेलमध्ये खोली वर्षभरासाठी मिळालेली असते. टोकाच्या खोलीतल्या मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू तुटला, तर ती 'संथ मशीन' नसते. तिला संथ केलं ते ॲक्सेस पॉइंटच्या जागेने. आणि पेपर जागा गृहीत धरून पुढे जातो.

जागा कशी ठरते? बहुतेक ठिकाणी पॅसेजमध्ये. वायर ओढायला सोपं, दुरुस्तीला खोल्या उघडायला नकोत. पण मोकळ्या पॅसेजमध्ये ॲक्सेस पॉइंट एकमेकांना छान ऐकतात आणि खोलीपर्यंत सिग्नल भिंती ओलांडून दमून पोचतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच वापरतात: १, ६ आणि ११. पॅसेजमध्ये रांगेने सहा डबे लावले की चॅनेल परत वापरावे लागतात आणि एक बोलताना त्याच चॅनेलवरचा दुसरा गप्प बसतो.

त्यात भर चोरीच्या भीतीची. डबा कोणी पळवू नये म्हणून त्याला लोखंडी जाळीचा पिंजरा! मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला जाळी का असते, आठवा. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि बारीक भोकांची ती जाळी लहरी आत कोंडून ठेवते. वाय-फाय त्याच पट्ट्यात आहे, लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. बारीक जाळी लावली की डबा सुरक्षित राहतो आणि सिग्नलही आतच राहतो.

मग करायचं काय? दर दोन-तीन खोल्यांमागे, शक्यतो खोलीतच, कमी ताकदीचा ॲक्सेस पॉइंट. ५ गिगाहर्ट्झवर भर, तिथे चॅनेल जास्त आहेत. संरक्षणाला कुलूप असलेलं प्लास्टिकचं खोकं. आणि कोणी वायर काढून स्वतःचं यंत्र जोडलं तर नेटवर्क उघडं पडू नये म्हणून स्विचच्या पोर्टवर ८०२.१एक्स ओळखतपासणी. खर्च वाढतो, हे खरंच. पण पिंजऱ्यावरही खर्च होतोच की.

समान वेळ वाटू नका, असं माझं म्हणणं नाही. आधी जागा सुधारा, मग वेळ वाटा. आणि तुमच्या हॉस्टेलचं वाय-फाय तपासायला कोणी आलंच, तर त्यांना ऑफिसबाहेर स्पीड टेस्ट करू देऊ नका. दार लावून घेतलेल्या शेवटच्या खोलीत न्या. सरासरी आकड्यात ती खोली दिसत नाही, आणि राहणारं माणूस मात्र तिथेच राहतं.