पायटॉर्चची कंटेनर-बांधणी : नुस्खा की प्रत?

यंत्रशिक्षणाच्या शोधनिबंधासोबत अथवा प्रकल्पासोबत ‘डॉकरफाइल’ जोडण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ही फाइल हाती असली की तोच प्रयोग कोणालाही पुन्हा करता येतो, असा दावा त्यामागे असतो. विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासणाऱ्या अध्यापकाने हा दावा कितपत ग्राह्य धरावा, याचा विचार पायटॉर्च या लायब्ररीच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रथम गुण पाहू. जीपीयूसाठी पायटॉर्च मूळ सोर्सपासून बांधताना कंपायलर, पायथन आणि एन्व्हीडियाचे क्यूडा यांच्या आवृत्त्यांचा मेळ बसवावा लागतो. कंटेनर-इमेजमध्ये ही जुळणी आयती मिळते. एन्व्हीडिया क्यूडाच्या इमेज बेस, रनटाइम आणि डेव्हल अशा तीन प्रकारांत देते. कंपायलर फक्त डेव्हलमध्ये असतो, म्हणून बांधणीसाठी तीच घ्यावी लागते. जुन्या ग्लिबसीवर बांधलेली लायब्ररी नव्या लिनक्सवर चालते, उलटे सहसा होत नाही. म्हणून पायटॉर्चच्या लिनक्स आवृत्त्या अनेक वर्षे मुद्दाम सेंटओएस ७ च्या इमेजमध्ये, म्हणजे ग्लिबसी २.१७ वर, बांधल्या जात. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला. जानेवारी २०२५ च्या २.६ या आवृत्तीपासून ग्लिबसी २.२८ च्या पायाकडे टप्प्याटप्प्याने वळण्यास सुरुवात झाली. जुने वातावरण जपण्याचे कंटेनरचे हे सामर्थ्य निर्विवाद आहे.

दोष दाव्यात आहे. उर्दूत ‘नुस्खा’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : हकिमाने लिहून दिलेली औषधयोजना आणि ग्रंथाची हस्तलिखित प्रत. डॉकरफाइल हा पहिल्या अर्थाचा नुस्खा, तर तयार इमेज हा दुसऱ्या अर्थाचा. वरील दावा या दोहोंची गल्लत करतो. एप्रिल २०२२ मध्ये एन्व्हीडियाने क्यूडा पॅकेज-भांडाराची स्वाक्षरी-किल्ली बदलली. त्यासरशी त्या भांडारावर विसंबलेल्या अनेक डॉकरफाइल, एक अक्षरही न बदलता, बांधणीच्या वेळी अडू लागल्या. आधी तयार झालेल्या इमेज मात्र चालत राहिल्या. औषधयोजना तीच होती. अत्ताराच्या दुकानाचे कुलूप बदलले होते.

अर्थात प्रतही स्वयंपूर्ण नसते. जीपीयूचा ड्रायव्हर इमेजमध्ये नसतो. तो यजमान यंत्राचा असतो. बांधणीच्या वेळी कंटेनरला जीपीयू सहसा दिसत नाही, त्यामुळे कोणत्या पिढ्यांच्या कार्डांसाठी बांधायचे ती यादी हाताने द्यावी लागते. यादीत आपले कार्ड बसत नसेल, तर बांधणी बिनतक्रार पुरी होते आणि पहिल्याच गणनेला प्रयोग थांबतो. शिवाय इमेजचा टॅग हे केवळ नाव आहे. तेच नाव उद्या दुसऱ्या इमेजला देता येते. आशयावरून निघणारा डायजेस्ट तेवढा बदलत नाही.

जुने कातिब प्रतीच्या अखेरीस तरकीमा लिहीत. त्यात लिहिणाऱ्याचे नाव, स्थळ आणि तारीख यांची नोंद असे. प्रकल्पाबरोबरही असा तरकीमा मागितला पाहिजे : इमेजचा डायजेस्ट, सोर्सची नेमकी कमिट, कार्डांची यादी, ड्रायव्हरची आवृत्ती. त्याबरोबर तयार इमेज ‘डॉकर सेव्ह’ने विभागाच्या डिस्कवर ठेवावी. ती कित्येक गिगाबाइट जागा घेते आणि लहान महाविद्यालयाला हा खर्च जाणवतो. पण तो टाळला, तर पुढच्या तुकडीला मागच्या तुकडीचे काम वाचता येईल, चालवता येणार नाही. जे चालवता येत नाही, ते तपासता येत नाही. मग त्याला दिलेले गुण केवळ विश्वासावर दिलेले ठरतात.